सगळ्यांच्या हाताला कापूस

किशोर तायडेच्या हॉटेलातला आलुबोंडा ज्यानं खाल्ला नाही, असा माणूस अंजनगाव सुर्जी ते दर्यापूर रस्त्यावर शोधून सापडायचा नाही. हॉटेल म्हणजे काय, तर स्टँडसमोर टिनाचं छप्पर, चार बाकडी आणि कायम पेटलेली भट्टी. पण पहिल्या एसटीच्या वेळेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. वरच्या आळीचे सूर्यभानभाऊ तर पहिल्या घाण्यातले बोंडे पोटात गेल्याशिवाय वावराकडे निघत नाहीत.

यात विशेष ते काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. विशेष असं, की किशोरचे वडील देवमन याच स्टँडवर हमाली करत, आणि तहान लागली तर सूर्यभानभाऊंच्या ओट्याखाली ओंजळ धरून उभे राहत. वरून कोणी पाणी ओतलं तर प्यायचं, नाहीतर पुढं चालायचं. त्या देवमनच्या पोराच्या हातचं आज सगळं गाव मिटक्या मारत खातं. किशोर हे कधी बोलून दाखवत नाही, पण विसरलेलाही नाही. सूर्यभानभाऊंच्या पुढ्यात प्लेट ठेवताना त्याची छाती रोज थोडी फुगते, आणि फुगू द्यावी, असं माझं मत आहे.

त्याचा दुसरा अभिमान रक्तदानाचा. दर तीन महिन्यांनी तो अमरावतीला जाऊन एका ट्रस्टच्या रक्तपेढीत रक्त देऊन येई, आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, विहारात शिबीर भरवी. शिबिरात माइक बंडूचा आणि तोंड किशोरचं. बंडू हा त्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. मंडप, कनाती, साउंड हा त्याचा धंदा. किशोरनं नाव पुकारायचं, लोकांनी टाळ्या वाजवायच्या, देणाऱ्यानं लाजत लाजत हात वर करायचा, अशी तिथली रीत होती.

गेल्या साली या रीतीत माधवी मॅडम आडव्या आल्या. ही रक्तपेढीतली समुपदेशक, म्हणजे रक्त देणाऱ्यांशी बोलणारी, त्यांचं ऐकून घेणारी बाई. मूळची परतवाड्याची, अंगानं किरकोळ आणि बोलायला रोखठोक. शिबीर सुरू व्हायच्या आधीच ती किशोरला म्हणाली होती, की माइकवरून नावं घेऊ नका आणि मध्ये एक पडदा बांधा. किशोर हसला होता. लोक नावासाठीच तर येतात, त्यानं तिला समजावलं, नाव नाही घेतलं तर उद्या कुत्रंही फिरकणार नाही. त्याच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. त्यात त्याचा हेतू चांगला. चांगल्या हेतूच्या माणसाला अडवणं सगळ्यात कठीण.

मग शालूचा नंबर आला. शालू ही विहारामागच्या घरातली सून. तिच्या अंगात रक्त कमी भरलं, म्हणून तिला परत पाठवलं. किशोरला वाटलं, बाई हिरमुसली, जरा हसवू. त्यानं माइकवरून जाहीर केलं, की शालूताईचं रक्त कमी निघालं आहे, तरी घरच्यांनी तिला गूळ-शेंगदाणे चारावे. सगळं विहार हसलं. शालूची सासू भागीरथाबाई पहिल्या रांगेत बसली होती. ती हसली नाही. घरी सुनेला खायला मिळत नाही, असा त्याचा अर्थ निघाला, आणि त्याचं उट्टं त्या म्हातारीनं सुनेवर वर्षभर काढलं.

माधवीनं त्या वेळी भांडण केलं नाही. ती उठली, साउंडच्या टेबलापाशी गेली आणि माइकची वायर उपटून आपल्या पर्समध्ये टाकली. शिबीर संपेपर्यंत दिली नाही. बंडू महिनाभर तिच्या नावानं बोटं मोडत होता.

म्हणून जानेवारीत, अमरावतीला नेहमीसारखं रक्त देऊन आल्यावर थोड्या दिवसांनी, तिचा फोन आला तेव्हा किशोरला वाटलं, बाईला पुन्हा माइकवरून वाद घालायचा आहे. एकदा येऊन भेटा, ती म्हणाली, आणि एकटे या. किशोर बंडूला घेऊन गेला.

तिनं दोघांना पाणी दिलं आणि बंडूला म्हणाली, तुम्ही खाली जाऊन गिला वडा खाऊन या, कोपऱ्यावर चांगला मिळतो. बंडू हलेना. किशोरलाही राग आला. बंडूपासून त्यानं आयुष्यात काही लपवलं नव्हतं.

"त्याले काहून काढता बाहेर? मले सांगाल ते त्याले सांगा."

"तुमी आधी एकटे आयका," माधवी म्हणाली. "मंग त्याले सांगाचं का नाही, ते तुमी ठरवा. मी नाही ठरवनार, अन् बंडूभाऊही नाही ठरवनार."

बंडू फणकाऱ्यानं खाली गेला. माधवीनं दार लावलं, खुर्ची किशोरच्या बाजूला ओढली आणि सरळ सांगितलं. दिलेल्या रक्ताची तपासणी होते. या वेळी त्यात हिपॅटायटिस बी निघालं आहे. गावात ज्याला लोक कावीळ म्हणून मोकळे होतात, त्यातलाच हा एक प्रकार. तिनं तपासणी पुन्हा करून घेतली होती. ते रक्त कोणाला दिलेलं नाही आणि दिलं जाणार नाही. यापुढं त्याला रक्तदान करता येणार नाही.

किशोरच्या कानात भट्टीचा आवाज घुमायला लागला. दुखत नाही, खुपत नाही, भूक सडकून लागते, आणि ही बाई म्हणते कावीळ. पहिला विचार त्याच्या मनात आला तो जिवाचा नव्हता, बायकोचाही नव्हता, हे त्याला पुढं बरेच दिवस लागून राहिलं. पहिला विचार आला तो सूर्यभानभाऊंचा. ते प्लेट बाजूला सारताहेत, असं त्याला दिसलं. बापाच्या हातचं त्यांना चालत नव्हतं त्याला कारण नव्हतं. पोराच्या हातचं न चालायला आता चांगलं डॉक्टरी कारण मिळणार होतं.

तो ते बोलला नाही, पण माधवीला ते कळलं असावं. ती म्हणाली, हे खाण्यातून पसरत नाही, पाण्यातून नाही, हाताला हात लागून नाही. रक्तातून पसरतं, नवरा-बायकोत पसरतं, दाढीच्या ब्लेडनं पसरतं. बोंडे खुशाल तळा. बायकोची आणि लेकीची तपासणी करा, त्यांना लस द्या. डॉक्टर अमरावतीतही आहेत, पण अमरावतीच्या दवाखान्यात तुमच्या गावचं कोणी ना कोणी भेटतंच. अकोल्याला जा, तिथं मी बोलून ठेवते.

"गावात समजलं तं?" किशोरनं कसंबसं विचारलं.

"माह्याकडून नाही समजनार. तुमी रक्त दिलं, भाऊ. तुमची बातमी नाही दिली."

परतीच्या एसटीत बंडूनं तीनदा विचारलं. किशोर खिडकीबाहेर तुरीच्या वावरांकडे बघत राहिला आणि प्रत्येक वेळी म्हणाला, काही नाही, माइकचंच होतं.

बायकोला मात्र त्यानं त्याच दिवशी सांगितलं. दामिनी कणीक मळत होती, ती मळतच राहिली. तुम्ही मरणार आहात का, तिनं विचारलं. नाही म्हणतात, तो म्हणाला. मला आणि पोरीला सुई घ्यायची का? हो. बोंडे तळता येतात? येतात. मग रडता कशाला, असं म्हणून तिनं कणकेच्याच हातानं त्याचे डोळे पुसले, आणि मग स्वतः रडली. दर्यापूरवरून अकोल्याची गाडी पकडून तिघं जाऊन आले. पुन्हा तपासण्या झाल्या. त्या दोघी ठणठणीत निघाल्या, लस सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, विषाणू आहे पण शांत बसलेला आहे, अधूनमधून दाखवत राहा, दारूला शिवू नका. दारूला किशोर तसाही शिवत नव्हता.

पण गड्याचं हसणं गेलं. गिऱ्हाइकाशी थट्टा बंद, बंडूशी बोलणं तुटक. बंडूच्या जिवाला घोर लागला. आपला दोस्त मरायला टेकला आहे आणि ती बाई सगळं जाणून आहे, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं आणि कोणाला न सांगता अमरावती गाठली. चार दिवसांनी भट्टीपाशी येऊन त्यानं स्वतःच कबूल केलं.

"गेल्तो तिच्याकडं. रडलो, हात जोडले, माइकबद्दल माफीही मागतली. बाईनं चहा पाजला, पन तोंड नाही उघडलं. मी म्हनलं, किशोर तायडे आमचा, त्याले काय झालं तेवढं सांगा. तं म्हनते, तुमच्याबद्दल कोनी इचारत आलं असतं तं त्यालेही मी चहाच पाजला असता."

बंडू हे तक्रारीच्या सुरात सांगत होता. किशोरनं झारा खाली ठेवला. गेले कित्येक दिवस त्याच्या छातीवर जे ओझं होतं ते जरा हललं. बंडूइतका कोणी त्याला जीव लावत नाही. त्या बंडूच्या डोळ्यातलं पाणी पाहूनही जी बाई बधली नाही, ती आता कोणापुढंच बधायची नाही. माणसाला माणसाचा आधार वाटतो म्हणजे काय, ते त्याला त्या दिवशी कळलं.

आता आडवी होती ती जयंती. किशोरचं या साली पन्नासावं रक्तदान ठरलेलं, आणि जयंती मंडळानं सत्काराचं मनावर घेतलेलं. बंडूनं तर स्टँडवर बॅनरही लावून टाकला. वर किशोरचा फोटो, खाली 'रक्तवीर'. किशोर रोज त्या बॅनरखाली बोंडे तळत होता आणि मान वर करत नव्हता.

तो पुन्हा अमरावतीला गेला, या वेळी एकटा. काय करू, त्यानं विचारलं. माधवी म्हणाली, ब्लडप्रेशरचं निमित्त सांगता येईल, चालतं तसं. पण खोटं एकदा सांगितलं की दर साली सांगावं लागणार, आणि तेही बंडूला, हे किशोरला नको होतं. मग त्यानं खाली मान घालून म्हटलं, मॅडम, मागल्या साली तुम्ही म्हणत होतात तो पडदा बांधू या.

"एकट्यासाठी बांधला तं तो पडदाच गावाले बोर्ड होईन," माधवी म्हणाली. "बांधाचा तं सगळ्यायसाठी बांधू."

तिनं बसल्या बसल्या सगळं जुळवलं. कनातीच्या आत एकेकानं जायचं. कोणी देईल, कोणाला परत पाठवलं जाईल, कोणी आत येऊन सांगेल की घरच्यांनी ढकललं, मला द्यायचं नाही. तिघंही आत सारखाच वेळ बसणार, तिघांनाही तोच चहा, तीच बिस्किटं, आणि बाहेर येताना तिघांच्याही हाताला कापूस आणि पट्टी. आणि हे गावाला आधीच उघड सांगायचं, म्हणजे कापसाचा अर्थ एवढाच, की हा माणूस आत जाऊन आला. मग कोणाशी खोटं बोलायचा प्रश्नच उरत नाही.

किशोर ऐकत राहिला. एवढी साधी गोष्ट, पण ती सुचायला समोरच्या प्रत्येकाची लाज आपली वाटावी लागते. तो उठताना तिच्या पाया पडायला वाकला, तर ती मागं सरकली आणि म्हणाली, हे असलं काही करायचं नाही.

मंडळाच्या बैठकीला ती स्वतः गावात आली आणि पडद्याचं, कापसाचं सगळं उघड सांगितलं. बैठक कसली, हल्लाच झाला तिच्यावर. नावं नाहीत, फोटो नाही, सत्कार नाही, मग शिबीर आहे की सुतक, असं एकजण म्हणाला. बाईला माणसांची किंमत नाही, असं दुसरा म्हणाला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, की हे मान्य नसेल तर आमची गाडी येणार नाही, ही माझी अट आहे. किशोरचं नाव तिच्या ओठावर आलं नाही. सगळा राग तिनं आपल्या अंगावर घेतला. बंडू किशोरला ढोसत होता, किशा, तू तरी बोल. आणि किशोर बोलला नाही. आपण तिची बाजू घेतली तर लोकांना वास येईल, या भीतीनं तो चटईच्या काड्या उपटत बसला. घरी जाताना त्याला स्वतःची किळस आली.

जयंतीच्या दिवशी ऊन तापायच्या आत वंदना झाली आणि शिबीर सुरू झालं. बंडूनं कुरकुरत का होईना, आपली सगळ्यात जाड कनात बांधली होती. शालू आली, सासूच्या डोळ्यांदेखत आत गेली आणि थोड्या वेळानं हाताला कापूस लावून, ताठ मानेनं बाहेर आली. तिनं दिलं की नाही, मला माहीत नाही. भागीरथाबाईलाही कळायला मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या वेळचं म्हातारीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

किशोर आत गेला. माधवीनं त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला. शेजारच्या खाटेवर एकाच्या हातातून रक्त पिशवीत उतरत होतं. किशोर त्या पिशवीकडेच बघत राहिला. आता आपल्याला ते कधीच करता येणार नाही, याचं दुःख त्यानं तोपर्यंत केलंच नव्हतं. लोकांच्या भीतीत ते राहून गेलं होतं. माधवी जवळ आली. तिनं त्याच्या हाताला कापूस लावला, पट्टी चिकटवली आणि त्या पट्टीवरून एकदा अंगठा फिरवला, इतरांच्या फिरवला तसाच.

तो बाहेर आला आणि बंडूला राहवेना. अट, नियम, सगळं विसरून त्यानं माइक उचलला आणि पुकारलं, की आपल्या किशोरभाऊंचं पन्नासावं रक्तदान पार पडलं आहे. त्याच्या दुसऱ्या हातात मोठा हार होता. टाळ्यांनी विहार दणाणलं. पहिल्या रांगेत सूर्यभानभाऊसुद्धा टाळ्या वाजवत होते. माधवी कनातीतून बाहेर आली आणि तिथंच थांबली. या वेळी वायर उपटून भागणार नव्हतं.

हार गळ्यात घेतला तर न दिलेल्या रक्ताचा मान घेतल्यासारखं होतं. नाकारला तर गाव आजच्या आज कारण शोधून काढणार होतं. किशोरनं बंडूच्या हातातून आधी माइक घेतला, मग हार.

"आत काय झालं ते मी सांगनार नाही," तो म्हणाला. "कोनाचंच सांगनार नाही, अन् कोनी इचाराचं नाही. मागल्या साली मी शालूताईचं या माइकवरून सांगतलं. ते माहं चुकलं. ताई, माफ कर. देनं ज्याच्या त्याच्या मर्जीचं हाये, अन् न देनंही. मॅडमनं अट घातली तवा मी बैठकीत गप बसलो, तेही चुकलं. ही अट तिची नाही, आजपासून ही आपली हाये."

आणि तो हार त्यानं कनातीच्या बांबूला बांधला. टाळ्या वाजवाव्यात की नाही, ते लोकांना समजेना. मग शालूनं वाजवल्या. तिच्यामागून बायकांनी, आणि मग हळूहळू सगळ्यांनी. माधवी वळून आत गेली. तिला पुढच्या माणसाला कापूस लावायचा होता. पण जाताना तिनं पदरानं नाक पुसलं, ते किशोरनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल नेहमीसारखं भरलं. पहिला घाणा निघाला. सूर्यभानभाऊंनी प्लेट पुढं ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की मग काय किशोर, शेवटी दिलं का नाही? बाकड्यांवरचे चेहरे भट्टीकडे वळले. किशोरचा झारा कढईत तसाच राहिला.

बंडू शेजारी चहा पीत होता. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं गाव ज्याच्याबद्दल म्हणतं, तो बंडू.

"भाऊ," तो म्हणाला, "बोंडा थंडा होऊन राहिला."

सूर्यभानभाऊंनी एकदा बंडूकडे पाहिलं, एकदा किशोरकडे. मग बोंडा उचलला, चटणीत बुडवला आणि खाल्ला. थोड्या वेळानं आणखी दोन मागवले.

गर्दी ओसरल्यावर किशोर भट्टीपासून उठला आणि बंडूच्या समोर येऊन बसला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. बंडूनं तर कालच्या त्या माइकनंतर विचारणं सोडूनच दिलं होतं. किशोरनं सगळं सांगितलं, पहिल्या फोनपासून अकोल्यापर्यंत, सूर्यभानभाऊंच्या ओट्यासकट. बंडू तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"बस, एवढंच?" तो शेवटी म्हणाला. "मले वाटलं, तू मरून राहिला." आणि किशोरच्याच पुढ्यातला अर्धा खाल्लेला बोंडा उचलून त्यानं तोंडात टाकला. डोळ्यातून मात्र त्याच्या धारा लागल्या होत्या, आणि मिरची लय तिखट हाये, असं तो कोणीही न विचारता सांगत होता.

दुपारी किशोरनं अमरावतीला फोन लावला. आपण बंडूला सांगून टाकलं, हे माधवीला सांगावंसं वाटलं त्याला.

"कोनी सांगाले लावलं का?" तिनं विचारलं.

"नाही. माह्या मनानं सांगतलं."

"मंग झालं," ती म्हणाली. किशोरला ती हसल्यासारखी वाटली. मागून कोणाचा तरी आवाज येत होता. थांबा, ती त्या कोणाला तरी म्हणाली, आधी दार लावून घेते, मग बोलू.